पेडण्यातलं कौटुंबिक हॉटेल आणि गुंतवणूकदारांची परिषद : उताऱ्यापासून करारापर्यंत

हॉटेल उद्योगातले गुंतवणूकदार, मोठ्या साखळ्यांचे अधिकारी, बँका, सल्लागार आणि मालक वर्षातून एकदा दोन दिवस एकत्र जमतात. अशी परिषद गोव्यात भरते तेव्हा ती इथल्या छोट्या हॉटेलमालकाच्या हाकेच्या अंतरावर असते, तरी आत पाऊल टाकायचा धीर होत नाही. पास महाग, बोलणं सगळं आकड्यांचं, आणि आलेले लोक एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. आमचं पेडणे तालुक्यातल्या मांद्र्यात २४ खोल्यांचं हॉटेल आहे. मागच्या जागेत ३६ खोल्या बांधून ६० करायच्या आणि चालवायला एखादा ब्रँड आणायचा, या हेतूने आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा परिषदेला गेलो. व्यवस्थापन करारावर, म्हणजे आपलं हॉटेल ब्रँडने चालवायच्या करारावर, सह्या व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. या वाटेवर काय लागतं, कुठे थांबावं लागतं आणि खर्च कुठे होतो हे आधी सांगणारं आम्हाला कोणी भेटलं नव्हतं, म्हणून हे लिहून ठेवतो आहोत.

सुरुवात पासापासून करू नका, जमिनीच्या कागदांपासून करा. गोव्यात गुंतवणूकदाराचा वकील समुद्र किती लांब आहे हे नंतर विचारतो, आधी ‘एक-चौदा’, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, मागतो. आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये, पाऊस असल्याने हॉटेल मोकळं होतं तेव्हा, कागद काढायला बसलो. हा काळ सोयीचा आहे. ऑक्टोबरनंतर सीझन लागला की मालकाला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला सवड नसते.

फॉर्म १ आणि १४ चा ताजा उतारा काढून त्यातला प्रत्येक रकाना वाचायचा. कब्जेदार म्हणून कोणाकोणाची नावं आहेत, कुळाच्या रकान्यात काही आहे का, इतर हक्कांत काय लिहिलंय. कुळाचं नाव असेल, मग ते कूळ हयात असो वा नसो, तर त्या सर्व्हे नंबरावर हॉटेलचा विचार तिथेच थांबवा. २० एप्रिल १९७६ च्या ‘कसेल त्याची जमीन’ तारखेपासून कुळाला मालकी हक्क मिळण्याची तरतूद आहे, आणि कुळाकडे गेलेली शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला १९९१ चा जमीन वापर कायदा मनाई करतो. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली त्याचे हक्क वेगळे. त्यासाठी मुंडकाराशी बसून, त्याच्या घराची जागा मोजून, ती आराखड्यातून बाजूला काढावी लागते. आमच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ रकान्यात शेजारच्या वाड्यावरच्या लोकांची विहिरीकडे जायची वाट होती. ती वाट आजही चालू आहे, सकाळी बायका कळश्या घेऊन तिथून जातात. आर्किटेक्टने तीन मीटरचा पट्टा नकाशावर मोकळा सोडला आणि नव्या इमारतीची भिंत आत घेतली. पुढे वकिलांच्या तपासणीत याबद्दल विचारणा झाली तेव्हा हा एक नकाशा पुढे ठेवणं पुरेसं झालं.

दुसरा कागद गोव्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. इथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कुटुंब कायद्यामुळे, वेगळा विवाह करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणजे चार विवाहित भाऊ कब्जेदार असतील तर सह्या आठ. वडील गेल्यावर वाटणी झाली नसेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्तेची यादी करून वाटणी, करावी लागते, आणि ती २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली न्यायालयातून होते. तिला लागणारा वेळ कोणाच्या हातात नसतो. परिषद जवळ आली म्हणून तो काही कमी होत नाही. ज्यांची इन्व्हेंटरी बाकी आहे त्यांनी ती दाखल करावी आणि परिषदेला पुढच्या वर्षी जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. सहहिस्सेदार परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथे अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करून आणायचं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत उलटली की पुढची सगळी साखळी अडते.

जुनी नोंदणी, म्हणजे डिस्क्रिप्शन (जमिनीचं वर्णन), इन्स्क्रिप्शन (मालकीची नोंद) आणि मात्रिज (करनोंद), पोर्तुगीजमध्ये असते. तिचं प्रमाणित भाषांतर करून घ्या. गोव्यात जमिनी बळकावण्याची प्रकरणं उघडकीला आल्यावर सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमलं होतं. तेव्हापासून बाहेरचे वकील जुन्या कागदाची झेरॉक्स मान्य करत नाहीत, मूळ नोंद पुराभिलेख खात्याशी किंवा निबंधकाशी ताडून पाहतात. त्यासोबत ३० वर्षांचं निल एन्कम्ब्रन्स, म्हणजे जमिनीवर बोजा नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. टायटल (मालकी) शोध अहवाल, भाषांतरं आणि सर्व्हेअरची मोजणी मिळून आमचा खर्च लाखाच्या थोडा वर गेला. हा खर्च पुढे बँकेलाही उपयोगी पडतो, त्यामुळे तो वाया जायची भीती बाळगू नका.

झोनिंगचं प्रमाणपत्र नगर व ग्रामनियोजन खात्याकडून घ्यायचं. जमीन प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये मुळातच सेटलमेंट, म्हणजे वस्तीसाठी ठेवलेली, होती, की नंतर नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७(२) किंवा ३९अ खाली बदलून घेतली, हा प्रश्न आता पहिल्याच बैठकीत येतो. १७(२) खालचे २०२३ चे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवल्यावर बँकांचे वकील या बाबतीत फार जागरूक झाले आहेत. जमिनीचा वापर बदलल्याची सनद असेल तर ती निवासी वापराची आहे की व्यावसायिक, तेही पाहून ठेवा.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंध क्षेत्राचं, गणित पेडणे तालुक्यात दोन बाजूंनी करावं लागतं. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटर हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मांद्र्याच्या खाडीलाही भरतीचं पाणी चढतं, आणि २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा पाण्याच्या काठापासून १०० मीटर किंवा त्या पाण्याची रुंदी, यातलं जे कमी ते अंतर सीआरझेडमध्ये येतं. गोव्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. त्याच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर चढवून, सर्व्हेअरच्या सहीने रेषा आखून घ्या. मोरजी-मांद्र्याच्या पट्ट्यात कासवं अंडी घालतात आणि वाळूच्या टेकड्याही आहेत. तिथे नियम आणखी कडक, किनाऱ्याकडचे दिवे आणि आवाज दोन्हींवर बंधनं.

चालू हॉटेलचे परवाने एका फायलीत लावताना एक साधी गोष्ट तपासा. पर्यटन खात्याची नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, पंचायतीचा व्यापार परवाना, घरपट्टी, एफएसएसएआय, अबकारी परवाना, या सगळ्यांवर खोल्यांचा आकडा, मालकाचं नाव आणि सर्व्हे नंबर एकच हवा. वर्षानुवर्षं एकेक खोली वाढवत गेलेल्या हॉटेलांत इथेच फरक निघतो. एका कागदावर १८ खोल्या, दुसऱ्यावर २४. तो फरक परिषदेच्या आधी दुरुस्त करायला अर्ज दिलेला असेल तर त्याची पोचही चालते.

आता आकडे. नोव्हेंबरपर्यंत आम्ही मागच्या ३६ महिन्यांचे हिशेब महिनावार मांडले. चार्टर्ड अकाउंटंटचं नफा-तोटा पत्रक इथे कामाचं नाही, कारण त्यात वीज, पगार, दुरुस्ती असे सगळे खर्च एकत्र असतात. हॉटेलवाल्यांची जगभरची एक हिशेबपद्धत आहे, तिला ‘युसाली’ म्हणतात. तिच्यात खोल्या, खाणंपिणं आणि इतर असे विभाग वेगळे करायचे, प्रत्येकाचं उत्पन्न आणि थेट खर्च वेगळा काढायचा, मग प्रशासन, विक्री, दुरुस्ती, ऊर्जा हे न वाटलेले खर्च वजा करायचे. उरतो तो जीओपी (ग्रॉस ऑपरेटिंग प्रॉफिट), हॉटेल चालवण्यातला ढोबळ नफा. घरपट्टी, विमा, जमिनीचं भाडं आणि ऑपरेटरची, म्हणजे हॉटेल चालवणाऱ्या कंपनीची, फी ही सगळी जीओपीनंतर येते. घरातल्या माणसांचे पगार धरलेले नसतील तर ते बाजारभावाने धरा, नाहीतर समोरचा माणूस स्वतः धरतो, आणि तो जास्त धरतो.

रेव्हपार, म्हणजे भरलेल्या-रिकाम्या धरून दर खोलीमागचं रोजचं भाडं, महिनावार काढा. समजा डिसेंबरात ८४ टक्के खोल्या भरल्या आणि सरासरी भाडं ८,९०० रुपये मिळालं, तर रेव्हपार ७,४७६. जुलैत ३८ टक्के आणि २,७०० रुपये, तर रेव्हपार १,०२६. वर्षाची सरासरी सांगितली की ही दरी झाकली जाते, आणि समोरच्याला नेमकी तीच पाहायची असते. ऑनलाइन कंपन्यांचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. त्यामुळे भाडं कमिशनसकट लिहिलंय की वजा करून, हे पानाच्या डोक्यावर स्पष्ट लिहा. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळले तर पुढच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास बसत नाही.

यावरून दोन कागद बनवायचे. पहिला एका पानाचा टीझर: ठिकाण, मोपा विमानतळापासूनचं रस्त्याने अंतर, जमिनीचं क्षेत्रफळ, झोन, आज किती खोल्या, किती होणार, मागच्या तीन वर्षांचा रेव्हपार, आणि आम्हाला नेमकं काय हवंय. दुसरी पंधरा-वीस पानांची माहितीपुस्तिका, ती गोपनीयता करारानंतरच द्यायची. ड्रोनचे फोटो उपयोगी पडतात, पण मोपा जवळ असल्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते पाहून, परवानगी घेतलेल्या माणसाकडूनच काढून घ्या. पाण्याचा हिशेबही जोडा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत चार तारे आणि वरच्या हॉटेलला दर खाटेमागे दिवसाला ३२० लिटर धरलेत. ६० खोल्या, १२० खाटा, म्हणजे ३८,४०० लिटर, कामगार आणि लाँड्री वेगळी. चांदेलचं नळाचं पाणी किती येतं, विहिरीचं किती, टाकी किती दिवसांची, सांडपाणी प्रकल्पातून बागेला किती परत मिळतं, हे चार ओळींत लिहा. पेडण्यात पाण्याचा प्रश्न येणार हे गृहीत धरा.

पासाची नोंदणी आम्ही डिसेंबरात केली, लवकरच्या दराने. तरी रक्कम पाच आकडी आणि वर १८ टक्के जीएसटी. नोंदणी करताना आपला जीएसटी क्रमांक लिहायला विसरू नका, पण तो सगळा कर परत मिळेल असंही धरू नका. परिषद त्या वर्षी गोव्यात असल्याने राहण्याचा खर्च वाचला. इतर शहरांत गेलात तर तिथल्या भाड्यासह हिशेब करा. एका हॉटेलकडून दोन माणसं गेली तर फार सोयीचं पडतं. एक भेटींना बसतो, दुसरा सभागृहात ऐकतो आणि टिपणं घेतो.

परिषदेचं ॲप साधारण तीन-चार आठवडे आधी सुरू होतं. खरं काम तिथेच आहे. उपस्थितांची यादी येते, आणि वीस-वीस मिनिटांच्या भेटी मागता येतात. अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या मागे लागू नका. त्यांचे दिवस महिनाभर आधी भरलेले असतात. प्रत्येक साखळीत ‘डेव्हलपमेंट’ नावाचा विभाग असतो, नवीन हॉटेलं साखळीत आणणं हेच त्याचं काम. त्यातला पश्चिम भारत पाहणारा माणूस शोधा. विनंती पाठवताना ‘भेटायला आवडेल’ एवढंच लिहू नका. आमचा मजकूर असा होता: मांद्रे, चालू २४ खोल्या, वाढ ३६, सेटलमेंट झोन, टायटल अहवाल तयार, व्यवस्थापन करार हवा. बऱ्याचशा विनंत्यांना दोन-तीन दिवसांत उत्तरं आली, आणि नकारही आले. नकारांचं कारण बहुतेक वेळा एकच: खोल्या कमी. अनेक मोठे ब्रँड ८० च्या खाली पाहत नाहीत. छोट्या हॉटेलांसाठी त्याच साखळ्यांचे सॉफ्ट ब्रँड (हॉटेलचं स्वतःचं नाव ठेवून साखळीत घेणारे) किंवा फ्रँचायझी असतात, त्यांचे अधिकारी वेगळे असतात. नकार देणाऱ्यालाच ‘मग तुमच्याकडे हे कोण पाहतं’ असं विचारलं तर नाव मिळतं.

पहिल्या दिवशी सकाळी बॅज घ्यायला लवकर जा, रांग मोठी असते. आत शिरल्यावर दडपण येतं, ते खरं आहे. शेकडो माणसं, कॉफीच्या टेबलांभोवती आधीपासून जमलेले घोळके. त्यावर उपाय म्हणजे पहिली भेट सकाळीच ठरवून ठेवणं. एकदा कोणाशी तरी कामाचं बोलणं झालं की पुढचं सोपं जातं.

मंचावरच्या चर्चा सगळ्या ऐकायची गरज नाही. भांडवल आणि व्यवहार यांवरचं सत्र ऐका. लेमन ट्री २०१८ मध्ये, शॅले २०१९ मध्ये, साम्ही २०२३ मध्ये, ज्युनिपर २०२४ मध्ये शेअर बाजारात आल्या. आयटीसी हॉटेल्स जानेवारी २०२५ मध्ये वेगळी होऊन सूचिबद्ध झाली. या घडामोडींचा छोट्या मालकाशी संबंध आहे. बाजारात आलेल्या कंपनीला दर तिमाहीला वाढ दाखवायची असते, आणि स्वतःचे पैसे जमिनीत न घालता खोल्या वाढवायचा मार्ग म्हणजे दुसऱ्याचं हॉटेल चालवायला घेणं. म्हणून डेव्हलपमेंटवाले तुमच्याशी बोलायला उत्सुक असतात. पैसे मात्र तुमचेच लागणार असतात, हे त्या उत्साहात विसरू नये.

भेटीची टेबलं सभागृहाबाहेर मांडलेली असतात, घंटा झाली की माणसं बदलतात. वीस मिनिटांतली पहिली पाच ओळखीत जातात. एका अधिकाऱ्याने आमचा टीझर हातात घेतला, वरचा फोटो पाहिलाही नाही, पान उलटून थेट जून ते सप्टेंबरच्या ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, “पावसात हे कोण लोक येतात?” उत्तर तयार होतं: पुणे, बेळगाव, कोल्हापूरची वीकेंडची गाडीने येणारी कुटुंबं आणि मोपाला काम असलेली माणसं. मग प्रश्न आला, “त्यांच्यासाठी सभागृह आहे का?” तिथून बोलणं लग्नांकडे आणि लहान बैठकांकडे वळलं, आणि नव्या इमारतीत हॉल घ्यायचा विचार त्याच टेबलावर पक्का झाला. दर भेटीनंतर बाजूला जाऊन त्या माणसाच्या कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा: त्याला किती खोल्या हव्यात, त्याने काय मागितलं, पुढचं पाऊल कोणाचं. संध्याकाळी हे सगळं एकमेकांत मिसळतं.

फीचा प्रश्न पहिल्या भेटीत आकड्यात नेऊ नका, पण मॉडेल विचारून घ्या. व्यवस्थापन करार, फ्रँचायझी की महसूल वाटणीचा भाडेपट्टा? फ्रँचायझीत हॉटेल आपणच चालवायचं, नाव आणि बुकिंगची यंत्रणा त्यांची. भाडेपट्ट्यात मालकाची झोप शांत, पण ती सोय ऑपरेटर चांगल्या ठिकाणीच देतो आणि आमच्या आकाराला कोणी दिली नाही. बाहेर गाद्या, कुलपं, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे स्टॉल असतात, तिकडे दुसऱ्या दिवशी दुपारी जा. दर विचारून ठेवले तर पुढे अंदाजपत्रकाला उपयोग होतो. रात्रीच्या जेवणाला थांबा. बँकांची आणि सल्लागारांची माणसं तिथेच मोकळेपणी बोलतात.

परिषद संपल्यावर ४८ तासांच्या आत ईमेल गेले पाहिजेत. समोरच्याला शंभर कार्डं मिळालेली असतात. ईमेलमध्ये त्याने मागितलेलीच गोष्ट जोडा आणि गोपनीयता कराराचा मसुदा पाठवा. त्यानंतर शांतता पसरते. दोन-तीन आठवडे काहीच हालचाल नसते, आणि मन खचतं. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्याने हे लोक त्याच काळात जुने व्यवहार पूर्ण करण्यात गुंतलेले असतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा एकदा नम्रपणे विचारलं की गाडी हलते. आमच्याकडे एप्रिलमध्ये जागा पाहायला दोन साखळ्यांची माणसं आली. भर उन्हात आली ते बरं झालं, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि जनरेटर त्यांनी स्वतः चढून पाहिले.

मे महिन्यात एलओआय, म्हणजे करार करायच्या इराद्याचं पत्र, आलं. हे पत्र बंधनकारक नसतं असं सांगतात, ते अर्धंच खरं. गोपनीयता आणि एक्सक्लुझिव्हिटी ही दोन कलमं बांधून ठेवतात. ६० ते ९० दिवस दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. ही मुदत कमीत कमी ठेवा, आणि ऑपरेटरकडून उशीर झाला तर ती आपोआप संपेल असं लिहून घ्या. एलओआयमध्ये व्यापारी अटी बारीक लिहिल्या नाहीत तर पुढे करारात त्या वाढतात, म्हणून वकील इथेच बसवा, शेवटी नाही.

फीचं गणित असं करून पाहा. समजा ६० खोल्यांचं एकूण उत्पन्न १२ कोटी आणि जीओपी ३६ टक्के, म्हणजे ४.३२ कोटी. बेस फी उत्पन्नाच्या २.५ टक्के, ३० लाख. इन्सेंटिव्ह फी जीओपीच्या ७ टक्के, ३०.२४ लाख. उरले ३.७२ कोटी. मग एफएफअँडई राखीव निधी, म्हणजे गाद्या, फर्निचर, एसी बदलण्यासाठी बाजूला ठेवायचे पैसे, उत्पन्नाच्या ४ टक्के, ४८ लाख. उरले ३.२४ कोटी. विमा आणि घरपट्टीला २५ लाख धरले तर जवळजवळ ३ कोटी. नव्या ३६ खोल्यांना खोलीमागे ६० लाख धरले तर २१.६ कोटी लागतात. त्यातलं ६० टक्के कर्ज, १२.९६ कोटी, दहा वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतलं तर वर्षाचा हप्ता सुमारे २.११ कोटी. म्हणजे हप्त्याच्या सुमारे १.४ पट पैसे हातात. बँकेला हा आकडा चालतो, पण एक वाईट पावसाळा आणि उशिरा संपलेलं बांधकाम एकत्र आलं तर तो पटकन खाली येतो. म्हणून राखीव निधी पहिल्या वर्षी २ टक्क्यांनी सुरू करून चौथ्या वर्षी ४ वर न्यायचा, असं आम्ही मागितलं आणि ते मिळालं. याशिवाय मार्केटिंगचा वाटा, प्रत्येक बुकिंगमागे रिझर्वेशन फी, नेहमीच्या पाहुण्यांच्या लॉयल्टी योजनेचे पैसे, तांत्रिक सेवेची फी असे आकडे वेगवेगळ्या पानांवर येतात. ते सगळे एका कागदावर ओढून उत्पन्नाचा एकूण टक्का काढा, तोच खरा दर.

संरक्षित क्षेत्राच्या कलमावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. आपल्या आसपास तोच ब्रँड दुसरं हॉटेल उघडणार नाही, अशी ही हमी असते. मसुद्यात ती त्रिज्येने लिहिलेली असते, अमुक किलोमीटर. गोव्यात त्रिज्या फसवी आहे. मोरजीसमोर शापोरा नदीपलीकडे वागातोर दिसतं, पण गाडीने जायला शिवोली-चोपडे पुलावरून वळसा पडतो. पर्यटकाच्या हिशेबी ती दोन वेगळी ठिकाणं आहेत. उलट मांद्रे ते हरमल हा किनारा एकच बाजार. म्हणून किलोमीटर काढून गावांची नावं लिहून घ्या: मोरजी, मांद्रे, हरमल, केरी. ऑपरेटरलाही ते सोयीचं पडलं, कारण वागातोरचा त्याचा रस्ता मोकळा राहिला.

कामगिरीची कसोटीही नीट वाचा. सहसा दोन अटी एकत्र असतात: जीओपी अंदाजपत्रकाच्या ठरावीक टक्क्यांखाली आणि रेव्हपार शेजारच्या हॉटेलांच्या तुलनेत मागे, तेही सलग दोन वर्षं, आणि मोजणी तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. त्यावर ऑपरेटरला तूट भरून कसोटी टाळायचा हक्क असतो. तुलनेची हॉटेलं कोणती, ती नावं परिशिष्टात हवीत. पंधरा-वीस वर्षांच्या करारातून बाहेर पडायचं मालकासाठी बहुधा हेच दार असतं.

जून ते सप्टेंबर कागदांची कसून तपासणी चालली. आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून लावलेली फाइल इथे कामी आली, नवीन काढायला फार थोडं उरलं होतं. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, बंद. त्यावरच्या खोलीला १८ टक्के क्रेडिटसह तसेच राहिले. आमच्यासारख्या हॉटेलात तीच खोली जुलैत एका दरात आणि डिसेंबरात दुसऱ्या. ६,००० च्या खोलीला पाहुणा आधी ६,७२० देत होता, आता ६,३००. म्हणजे भाडं वाढवायला थोडी जागा झाली, पण फर्निचर, एसी, चादरी आणि ऑपरेटरच्या फीवर भरलेला कर खर्चात जमा झाला. एसी आणि सिमेंटवरचा कर त्याच दिवशी २८ वरून १८ वर आला, त्याने थोडं भरून निघालं. सगळे अंदाज पुन्हा मांडले, आणि फीवरचा कर कोण सोसणार ते कलम पुन्हा उघडलं. बोलणी महिनाभर लांबली. तुमच्या करारात अशा बदलासाठी एक वाक्य आधीच असू द्या.

नोव्हेंबरात सह्या झाल्या. डिसेंबरात हडफड्याच्या नाईटक्लबमध्ये आग लागून २५ जण गेले. त्यांत बरेच जण तिथले कामगार होते. आमचा आराखडा पंचायतीत जायचा होता. तो थांबवून अग्निसुरक्षेचं पान परत काढलं. नव्या हॉलला बाहेर थेट उघडणारी दोन दारं शेजारी-शेजारी नको, दूर दूर हवीत. तळघरात स्वयंपाकघर नको. पाण्याच्या बंबाला आत यायला सहा मीटरचा रस्ता सलग हवा, आणि कामगारांच्या खोल्यांना जिना स्वतंत्र. जुन्या २४ खोल्यांच्या मजल्यावरही दुसरा जिना बाहेरून बांधतोय. एक खोली त्यात जाते, म्हणून करारात ६० च्या जागी ५९ असा दुरुस्तीचा कागद ऑपरेटरने सही करून पाठवला, आणि पर्यटन खात्यापासून प्रदूषण मंडळापर्यंतच्या सगळ्या अर्जांत आता तोच आकडा भरतो आहोत.